थोरलीला मी वाहून नेलं

मी ट्रेलर बोलतोय. बारा चाकांचं, बुटकं, लांबलचक लोखंडी धूड. रस्त्यात मी समोर आलो की तुम्ही हॉर्न वाजवता, शिव्या देता आणि वाट मिळाली की पुढे निघून जाता. आज जरा थांबा.

मला स्वतःचं इंजिन नाही. ट्रकचं नुसतं मुंडकं माझ्यापुढे जोडतात, आमच्या धंद्यात त्याला घोडा म्हणतात. माझी मान वर उचललेली आणि बाकदार आहे. ती घोड्याच्या पाठीवर टेकते, खाली जाड पिन अडकते, आणि मग घोडा नेईल तिकडे मी जातो. पाठ जमिनीपासून जेमतेम अडीच फूट, म्हणजे अवजड यंत्र चढवायला सोपं. घोडा नेईल तिकडे मी, हे वाक्य मी वर्षानुवर्षं स्वतःच्या बचावासाठी वापरलं. आता त्या वाक्याचीही मला शिसारी आली आहे.

माझा जन्म घाटकोपरचा, असल्फ्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपमधला, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मला काशीराम नावाच्या वेल्डरने जोडलं. हळू काम करणारा माणूस. एक टाका मनासारखा बसला नाही की घासून काढायचा आणि पुन्हा मारायचा. वर्कशॉपचा मालक ओरडायचा, "काशीराम, सोन्याचा हार नाही घडवायचाय, ट्रेलर आहे तो!"

काशीराम काच वर करून म्हणायचा, "शेठ, हार तुटून कोण मेलेला ऐकलाय का तुम्ही?"

मला आयुष्यात भेटलेला पहिला चांगला माणूस तो. पुढे फार भेटले नाहीत.

मला विकत घेतलं नंदकुमार नावाच्या गृहस्थांनी. राहायला अंधेरीला, आवार मरोळला. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. त्यांनी माझ्या मानेवर हळदकुंकू वाहिलं आणि मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं. ती आई त्यांच्या मोठ्या भावाकडे असायची आणि हे तिला दिवाळीलाच भेटायचे, हे मला नंतर कळलं.

माझी पहिली खेप बोरिवलीची. विजेचा भला मोठा ट्रान्सफॉर्मर होता. लोक घरांतून बाहेर आले होते. एका बाईने माझ्या चाकावर पाणी घातलं आणि म्हणाली, "ह्याच्यामुळे आता पंखा फिरेल गं बाई." त्या दिवशी मला वाटलं, आपला जन्म सत्कारणी लागला.

तो समज फार दिवस टिकला नाही.

माणसाला एखादी वस्तू उभी दिसली की तिच्यावर थुंकावंसं वाटतं. माझ्या बाराही चाकांवर पान, तंबाखू आणि त्याहून घाण काय काय झालंय ते सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. माझ्या अंगावर पंचवीस टन असं लिहिलेलं होतं. नंदकुमारांनी पहिल्याच वर्षी त्यावर रंग फासला. मग तीस टन चढू लागले, बत्तीस चढू लागले. वाटेत वजन विचारणारे होते, त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं असायचं, आणि सांगितलेलं ऐकणारेही ठरलेले असायचे. एकदा दिंडोशीला झोपड्या पाडायचा बुलडोझर मी नेला. दुसऱ्याच आठवड्यात, त्याच मोकळ्या केलेल्या जागेवर भूमिपूजन होतं म्हणून माझ्याच पाठीवर मंडप घालून भाषणं झाली. 'गरिबांसाठी' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही. पाठीला खाज सुटली होती.

या सगळ्यात माझा ड्रायव्हर गुणाजी तेवढा बरा वाटायचा. कुडाळकडचा. गाडी अशी चालवायचा की खड्डा आला तरी पाठीवरच्या ओझ्याला कळू नये. उताराला लागण्याआधी उतरून एकदा माझी पिन हाताने चाचपायचा. आवारातच पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको प्रेमा राहायची. पावसाळ्यात त्या खोलीत घोट्याएवढं पाणी शिरायचं, तेव्हा प्रेमा चूल माझ्या पाठीवर मांडून भाकऱ्या थापायची. बरोबर असायचा धाकू. तो खलाशी, म्हणजे अवजड यंत्र साखळ्या-रुळांनी चढवणारा-उतरवणारा माणूस. पन्नाशी उलटलेला, बोलायला फाटक्या तोंडाचा, पण साखळी बांधली की बांधली. दोघे एकाच वाडीतले. जेवायचे एका डब्यात.

आता जे सांगायचं आहे ते पंच्याऐंशी सालचं.

मुलुंडला, आग्रा रोडला लागून, पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. नाव घेत नाही, घेतलं तर माझं लोखंड विटाळेल. मालकाने अचानक टाळं लावलं. कामगार, त्यात निम्म्या बायका, गेटसमोर ताडपत्री बांधून बसले. चार महिने बसले होते. त्यांची एकच अट होती. आतलं तयार सामान न्यायचं तर न्या, पण यंत्र हलवायचं नाही. यंत्र आत आहे तोवर कारखाना उघडेल ही आशा आहे. यंत्र गेलं की आत उरतात नुसत्या भिंती.

आत पत्रा दाबायचे तीन प्रेस होते. सगळ्यात मोठ्या प्रेसला बायका थोरली म्हणायच्या. घरातली थोरली जाऊ असते ना, तशी. तिच्यावर अकरा वर्षं काम केलेली शेवंती नावाची बाई गेटवरच्या सगळ्यांची पुढारी होती. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक नव्हतं. ते थोरलीनेच घेतलं होतं. शेवंती म्हणायची, "बोट खाल्लान, पण दोन चेडवांक वाढवलान." चेडवां म्हणजे तिच्या दोन मुली. तीही कुडाळचीच, गुणाजीच्या शेजारच्या गावची.

एका सकाळी नंदकुमार आवारात आले आणि गुणाजीला माझ्या सावलीत घेऊन उभे राहिले. मी सगळं ऐकलं.

"गुणाजी, मुलुंडचा प्रेस वापीला न्यायचाय. तिकडे मालकाच्या मुलाने नवा कारखाना टाकलाय. गेटवर मात्र सांगायचं, दुरुस्तीला अंबरनाथला चाललोय. मॅनेजरने तसा कागद केलाय."

"शेठ, ते ऐकणार नाय."

"मॅनेजरचं नाही ऐकणार. तुझं ऐकतील. गाववाला ना तू त्यांचा?"

गुणाजी बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

"चारकोपला मी एक खोली बुक केली आहे," नंदकुमार म्हणाले. "पक्की. नळ आत. प्रेमाला किती वर्षं या पाण्यात ठेवणार आहेस? ती खोली तुझ्या नावावर करतो."

त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला ओकारी आली असती, जर मला पोट असतं.

गुणाजीने "बरं" म्हटलं. एवढंच. धाकूला त्याने अंबरनाथ असंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आम्ही गेटवर पोहोचलो. ताडपत्रीखालून बायका उठून घोड्यापुढे आल्या. मॅनेजरने कागद दाखवला. थोरलीच्या मुख्य दांड्याला तडा आहे, तो दुरुस्त झाला की मालक टाळं काढणार, असं तो सांगत होता. कोणी हलेना. मग शेवंती गुणाजीच्या खिडकीशी आली.

"गुणाजी, तू खरा सांग. थोरलेक खंय नेतंस?"

"अंबरनाथाक. दुरुस्तेक."

"आणि परत?"

"म्हयन्याभरात. मीच परत हाडतलंय."

"देव रवळनाथाची शपथ घे."

स्टिअरिंगवरचे त्याचे हात मला दिसत नव्हते. पण घोड्याचं इंजिन चालू होतं, आणि त्याचा पाय पेडलवर दाबला गेला ते मला मानेत जाणवलं.

"रवळनाथाची शपथ," तो म्हणाला.

शेवंतीने मागे वळून हात केला आणि बायका बाजूला झाल्या.

पुढचं सांगताना मला स्वतःची लाज वाटते. आत धाकूकडे माणसं कमी होती, म्हणून कामगारच मदतीला आले. चार महिने उपासमार झालेले ते लोक रुळाखाली पहारी घालून, हैसा म्हणत, स्वतःची थोरली स्वतःच्या हातांनी माझ्या पाठीवर चढवत होते. शेवंतीने तिच्या पायांखाली गोणपाट घातलं, रंग खरवडू नये म्हणून. एकीने कुंकू लावलं. "लवकर बरी होऊन ये गो," असं म्हटलं. निघताना शेवंतीने फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या आणि सुकटीची चटणी गुणाजीच्या हातात दिली. तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती की नव्हती, देव जाणे.

वीस टनांची होती थोरली. मी त्याहून कितीतरी जास्त वाहिलंय. पण त्या दिवशी पाठ मोडते की काय असं वाटत होतं.

मुलुंडचा नाका ओलांडून आम्ही ठाण्यात शिरलो. अंबरनाथला जायचं तर उजवीकडे, कळव्याच्या बाजूला वळायला हवं. गुणाजीने घोडा डावीकडे, घोडबंदरच्या रस्त्याला घातला.

धाकू म्हणाला, "अरे, वाट चुकलंस."

"नाय चुकलंय."

"अंबरनाथ तिकडे रवला!"

गुणाजीने गिअर बदलला. धाकू त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "खंय चललंव आपण?"

"वापीक."

"तू शपथ घेतलंस मरे! त्या बायकांनी रुळांक हात लावलेनी. माझ्या शब्दार लावलेनी!"

"गप बस. शेठ कामावरसून काढतलो."

"काढूंदे. गाडी थांबव."

गुणाजीने थांबवली नाही. धाकूने दार उघडलं आणि चालत्या गाडीच्या पायरीवर उभा राहिला. तेव्हा मात्र ब्रेक लागला. म्हातारा उतरला, फडक्यातल्या भाकऱ्या गाडीतून काढून घेतल्या आणि म्हणाला, "ह्यो तुझ्या घशाखाली जावच्यो नाय." मग तो मागे वळला आणि भर उन्हात ठाण्याच्या दिशेने चालू लागला. साखळ्यांनी चोळवटलेले त्याचे दोन्ही हात रिकामे लोंबत नव्हते, त्यात ते फडकं होतं. मागच्या फळीवरून मला तो बराच वेळ दिसत राहिला.

वापीला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती; सकाळी कारखान्यात मांडव होता. झेंडूच्या माळा होत्या. मॅनेजर मोटारीने आमच्या आधीच पोहोचला होता. भटजींनी थोरलीवर अक्षता टाकल्या. मुलुंडच्या बाईने लावलेलं कुंकू पुसून तिथे नवं कुंकू लावलं. थोरलीच्या दांड्याला तडा वगैरे काही नव्हता, संध्याकाळच्या आत ती चालू झाली. त्याच नावाचे, त्याच चित्राचे डबे पडू लागले. सर्वांना पेढे वाटले. गुणाजीनेही एक खाल्ला. तोंडात फार वेळ घोळवला, मग गिळला. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आवारात परतलो तेव्हा प्रेमा खोलीच्या दारात उभी होती. धाकू तिला सगळं सांगून, आपली पथारी उचलून गेला होता. गुणाजीने पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिने हात लावला नाही.

"खरा काय ता?"

"प्रेमा, आत नळ आसा. पक्की भिंत आसा. तुझ्यासाठीच केलंय सगळा."

"माझ्यासाठी?" प्रेमा म्हणाली. "माका इचारलंस?"

तिने चपला घातल्या, पदर खोचला आणि आवाराच्या फाटकातून बाहेर पडली. मला वाटलं, बाजारात गेली असेल. रात्र झाली, सकाळ झाली, ती आली नाही.

आठ दिवसांनी आम्हाला पुन्हा मुलुंडला बोलावणं आलं. उरलेले दोन प्रेस न्यायचे होते. आता खोटं बोलायची गरज उरली नव्हती, कारण पोलिसांची गाडी होती. आत भाडोत्री माणसांनी प्रेस चढवले, बेफिकिरीने. एक साखळी सुटून माझी कड चेपली. ते हसले.

अकरा वाजता आम्ही गेटशी आलो तर समोर बायका रस्त्यावर बसल्या होत्या, मांडीला मांडी लावून, घोड्याच्या चाकांपासून दोन हातांवर. पुढे शेवंती. शेजारी धाकू. आणि दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला, प्रेमा.

बायकांच्या बोलण्यातून मला नंतर कळलं, की प्रेमा आठ दिवस तिथे येऊन बसत होती. पहिल्या दिवशी शेवंतीने तिला उठवलं होतं, "तू कोणाची बायको ता माका म्हायत आसा." प्रेमा उठली आणि ताडपत्रीच्या बाहेर, उन्हात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिला आत घेतलं.

मॅनेजर ओरडला, "बघतोस काय रे? चालू ठेव! पोलीस उचलतायत त्यांना!"

घोडा थरथरत उभा होता. मग इंजिन बंद झालं. इतकी शांतता पसरली की मागच्या डोंगरावरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. गुणाजी खाली उतरला, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि शेवंतीसमोर जाऊन त्याने हात जोडले.

शेवंती बसल्या जागेवरून त्याच्याकडे पाहत म्हणाली, "हात जोडू नको. थोरलेक परत हाड."

ते त्याला कुठून जमणार होतं? तो तसाच उभा राहिला. मग हळूहळू चालत रांगेच्या शेवटी गेला आणि खाली बसला. कोणी सरकून जागा दिली नाही. प्रेमाने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

इथे जर सगळं थांबलं असतं तर ही कहाणी सांगण्यात मला थोडाफार आनंद वाटला असता. पण नंदकुमार स्वतः आले होते आणि येताना दुसरा ड्रायव्हर घेऊन आले होते. वाईट माणसांची हीच गोष्ट मला सर्वांत किळसवाणी वाटते. ती तयारीने येतात. पोलिसांनी बायकांना हाताला-पायाला धरून उचललं, धाकूला ओढत नेलं, गुणाजीलाही त्यांच्याबरोबर गाडीत कोंबलं. नव्या ड्रायव्हरने बॉनेटवरची किल्ली घेतली.

रस्त्यावर चपला तेवढ्या राहिल्या होत्या. रबरी, अंगठा तुटलेल्या, सुतळीने बांधलेल्या. माझी बाराही चाकं त्यांच्यावरून गेली.

गुणाजी आवारात परत आला नाही. चारकोपची खोली नव्या ड्रायव्हरला मिळाली. महिन्याभराने प्रेमा आणि धाकू ट्रंक आणि भांडी न्यायला आले, तेव्हा वॉचमनने विचारलं, "गुणाजी कुठाय?" धाकू म्हणाला, "भांडुपाक गोदामात गोण्यो उचलता. सांजचो येऊन गेटार बसता." "बोलतात त्याच्याशी?" "मी बोलतंय," धाकू म्हणाला. "शेवंती अजून नाय." प्रेमा भांडी बांधत होती. पण एकच ताट बांधायला घेऊन ती थांबली, मग दुसरंही त्याच्यात ठेवलं.

कारखाना उघडला नाही. अठ्ठ्याऐंशी साली त्या जागेवर सात मजली इमारत बांधायला काढली. पाया खणायचं अजस्र यंत्र तिथे कोणाच्या पाठीवरून आलं, हे विचारू नका. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. मी तिथे रिकामा उभा असताना शेवंती रस्त्याने चालली होती, बरोबर एक पोरसवदा मुलगी, बहुतेक तिचीच लेक. मला पाहून शेवंती थांबली. जवळ आली. थोरलीच्या पायांनी माझ्या पाठीवर चार खोल खुणा केल्या आहेत, गोणपाट असूनही. तिने त्यातल्या एका खुणेवर तो बोट तुटलेला हात ठेवला.

"ह्याच्यावरसून गेली ती," तिने मुलीला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "चल ना आई, उशीर होतोय."

त्या गेल्या.

आता आजचं सांगतो. साल एकोणनव्वद. नंदकुमारांना मला विकायचं आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला पिवळाधमक रंग दिलाय, टायरना काळं पॉलिश फासलंय. आग्रा रोडवरचे आणखी दोन कारखाने बंद पडतायत, यंत्रं हलवायला ट्रेलरला मागणी आहे, असं ते फोनवर हसत हसत सांगत होते. उद्या गिऱ्हाईक येणार आहे.

तर गिऱ्हाईका, तू हे वाचत असशील तर ऐक. त्या पाया खणायच्या यंत्राचं वजन छत्तीस टन होतं. माझ्या मानेच्या मुळाशी, डाव्या अंगाला, मुख्य गर्डरला तेव्हा तडा गेलाय. काशीरामचा टाका निघाला नाही, त्याच्या शेजारचं लोखंड फाटलं. नंदकुमारांनी त्यात रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली आणि वर रंग मारला. नखाने खरवड, दिसेल. ओझं घेऊन उताराला लागलो की एक ना एक दिवस ही मान तुटणार, आणि त्या वेळी माझ्या मागून स्कूटरवर नवरा-बायको येत असतील, नाहीतर समोरून शाळेची बस. तेव्हाही मी म्हणेन, घोडा नेईल तिकडे मी.

नंदकुमार तुला चहा पाजतील, पाठीवर हात ठेवतील, गाडी एकदम झकास आहे म्हणतील. लागलीच तर कुठल्यातरी देवाची शपथही घेतील.

मला आयुष्यात एकदाही 'नाही' म्हणता आलं नाही. तू म्हण.